आतून काळे असलेले खापर : पाटीवर 'रोमन' लिहिलेले बरोबर आहे का?

खापरवाचक (धागाकर्ते)

गेल्या महिन्यात कोकणातल्या एका लहान संग्रहालयात जाण्याचा योग आला. पहिल्या दालनात मूर्ती, नाणी आणि ताम्रपट नीट मांडलेले होते. शेवटच्या कपाटात मात्र अगदी खालच्या फळीवर एका पत्र्याच्या ट्रेमध्ये तेवीस खापरे ठेवलेली दिसली. एकाही तुकड्यावर झिलई नव्हती, आणि बहुधा म्हणूनच लोक त्यांच्याकडे न पाहता पुढे जात होते. ट्रेसमोर 'मातीच्या भांड्यांचे तुकडे, प्राचीन' अशी एकच पाटी होती. फक्त एका तुकड्याला स्वतंत्र चिठ्ठी होती : 'रोमन मद्यकुंभ, इ. स. १ले-२रे शतक'.

तो तुकडा तळहाताएवढा होता. बाहेरचा रंग भिजवलेल्या मुलतानी मातीसारखा फिकट पिवळसर होता आणि त्यावर चाकाच्या अस्पष्ट रेघा दिसत होत्या. तो पालथा ठेवलेला असल्यामुळे आतली बाजू पाहायला मला जमिनीवर बसून मान वाकडी करावी लागली. आत काळाकुट्ट जाड थर होता, आणि पाणी आटल्यावर तळ्याच्या काठचा चिखल जसा तडकतो तसा तो तडकलेला होता. एका कडेला त्याचा टवका उडालेला होता आणि तिथे खालची गुलाबीसर माती स्वच्छ दिसत होती, म्हणजे तो धुराचा किंवा जळल्याचा डाग नक्कीच नव्हता.

माझे दोन प्रश्न आहेत. हा काळा थर कशाचा असावा, आणि त्यावरून हा कुंभ रोमन म्हणता येईल का? दुसरे म्हणजे, अशा साध्या खापरांची मांडणी कशी असावी, याबद्दल इथल्या जाणकारांचे काय मत आहे?

दर्यावर्दी

तुमच्या वर्णनावरून तो रोमन कुंभ नसून 'टॉर्पेडो जार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुंभाचा तुकडा असण्याची शक्यता मला अधिक वाटते. हे नाव अर्थातच आधुनिक आहे आणि ते आकारावरून पडले आहे : लांबट अंग, मान नाही, कान म्हणजे मुठी नाहीत, गोल जाड काठ आणि खाली निमुळता होत गेलेला तळ. असा कुंभ जमिनीवर उभा राहू शकत नाही. तो जहाजाच्या पोटात एकमेकांना टेकवून रचायचा किंवा वाळूत रोवायचा. हे कुंभ मेसोपोटेमिया आणि नैर्ऋत्य इराणच्या पट्ट्यात घडत. इराणच्या ससानी राजवटीत आणि त्यानंतर आरंभीच्या इस्लामी काळात, म्हणजे साधारणपणे तिसऱ्या शतकापासून नवव्या-दहाव्या शतकापर्यंत, ते इराणी आखातातून हिंदी महासागरभर गेले. आतला काळा थर हा खनिज डांबराचा, म्हणजे बिटुमेनचा असतो.

चिठ्ठी लिहिणाऱ्याला दोष देण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडे कित्येक वर्षे अशी खापरे 'अँफोरा', म्हणजे दोन मुठींचे रोमन कुंभ, म्हणूनच नोंदली गेली, कारण समुद्रापलीकडचा कुंभ म्हटला की डोळ्यांसमोर रोमच येत असे. पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टॉम्बर यांनी भारतातल्या अनेक संग्रहांमधले असे तुकडे पुन्हा हातात घेऊन तपासले आणि २००७ साली आपला निष्कर्ष मांडला, तेव्हा त्यांतले बरेचसे तुकडे रोमन नव्हेत तर मेसोपोटेमियाकडचे आहेत, हे स्पष्ट झाले. घारापुरीच्या मोराबंदरच्या किनाऱ्यावर मिळालेली खापरेही पूर्वी रोमन अँफोरा म्हणूनच सांगितली जात. आता त्यांत टॉर्पेडो कुंभांचा वाटा मोठा असल्याचे मानले जाते.

आवा_आणि_चाक

आमच्या घरात तीन पिढ्या कुंभारकाम आहे, त्यामुळे 'बिनझिलईची' या शब्दाकडे मी थोडे वेगळे पाहतो. साध्या भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. आपल्या माठाचे आणि रांजणाचे पाणी गार होते ते याच कारणाने : पाणी पाझरते, बाहेर उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. हा पाण्याच्या भांड्याचा गुण आहे, पण त्याच माठात महिनाभर तेल किंवा मद्य भरून ठेवले तर निम्मा माल भिंतीत मुरेल आणि उरलेला झिरपत राहील. घरात तेलासाठी चिनी मातीची बरणी का लागते, हे आजीला कुणी शिकवावे लागले नव्हते.

त्यामुळे झिलई न देता आत डांबर फासणे हा कमीपणा नसून विचारपूर्वक केलेली योजना आहे. झिलईसाठी वेगळी द्रव्ये लागतात आणि बहुधा पुन्हा भट्टी लावावी लागते. डांबर मात्र ज्या प्रदेशात जमिनीतून आपोआप वर येते, तिथे ते तापवून आत ओतायचे आणि कुंभ फिरवून घ्यायचा, एवढेच काम. हजारो कुंभ भरायचे असतील तर शहाणा कारागीर हीच वाट धरेल. मालाबरोबर पाठवून द्यायच्या भांड्यावर कुणी नक्षी काढत बसत नाही.

नाणेसंग्राहक

दर्यावर्दी यांनी फार लवकर निकाल दिला, असे मला वाटते. रोमन मद्यकुंभांनाही आतून काळपट अस्तर असे. ते पाइनच्या राळेचे असे, पण दीड-दोन हजार वर्षांनंतर काचेआडून पाहणाऱ्याला राळ आणि डांबर यांतला फरक कळणार नाही. रोमन व्यापार पश्चिम किनाऱ्यावर होताच; कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, ती काही इराणहून आलेली नाही. केवळ काळ्या थराच्या बळावर पाटी बदलायला सांगू नये.

दर्यावर्दी

आपला आक्षेप रास्त आहे आणि तो मी पहिल्याच प्रतिसादात लक्षात घ्यायला हवा होता. अस्तर हा एकमेव पुरावा नव्हे. हातात घेऊन पाहण्यासारख्या गोष्टी अशा : राळेचे अस्तर सहसा पातळ आणि तपकिरीकडे झुकणारे असते, तर डांबराचे जाड आणि काळे असते, कधी ओघळ काठावरून बाहेरही आलेले दिसतात. रोमन अँफोराला दोन उभ्या मुठी आणि स्पष्ट मान असते, त्यामुळे खांद्याजवळचा तुकडा मिळाला तर प्रश्नच सुटतो. तिसरी आणि सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे माती. इटलीत नेपल्सच्या उपसागराकडे घडलेल्या अँफोरांच्या मातीत ज्वालामुखीजन्य काळी वाळू मिसळलेली असते, आणि ताज्या तुटलेल्या कडेवर ती साध्या भिंगानेही मिऱ्याच्या भुकटीसारखी दिसते. टॉर्पेडो कुंभांची माती फिकट पिवळी ते गुलाबीसर असते आणि तिच्यात ती काळी चमक नसते. अंगाचा मधला तुकडा असेल तर मात्र माती आणि अस्तर या दोहोंवरच विसंबावे लागते.

चौथरा_क्रमांक_सात

विद्यार्थिदशेत दोन हंगाम उत्खननावर काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. उत्खननात खापरांसाठी वेगळे अंगण आखलेले असते, त्याला आम्ही 'पॉटरी यार्ड' म्हणायचो. दगडांनी किंवा दोरीने चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात जमिनीच्या एकेका थरातली खापरे पसरलेली असतात. संध्याकाळी बादलीत बुडवून मऊ ब्रशने ती धुवायची, वाळवायची, काठ, तळ आणि अंग वेगळे करायचे आणि मग शाईने क्रमांक घालायचा. दिवसाला पोती भरून खापरे निघत, आणि झिलईचा एखादा निळा-हिरवा तुकडा निघाला की सगळे अंगण तिथे जमा होई.

माझ्या हातून घडलेली एक चूक इथे सांगितलीच पाहिजे. आत काळे लागलेला एक तुकडा मला घाण माखलेला वाटला आणि मी तो ब्रशने घासत बसलो. ब्रशला काळे लागू लागले तेव्हा आमच्या पर्यवेक्षकांनी हात धरला. बोटाच्या पेराएवढी जागा साफ झाली होती. त्यांनी रागावण्याऐवजी शेजारी बसून समजावले : झिलई नसलेल्या भांड्यावर इतिहास आत असतो, मुरलेला किंवा चिकटलेला, आणि तो ब्रशने जातो. डांबरावर क्रमांकही घालायचा नसतो, कारण क्रमांकाखाली लावायचा लेप ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो आणि तो डांबरालाही मऊ करतो. कागदाची चिठ्ठी आणि वेगळी पिशवी, एवढेच करायचे.

खापरवाचक, त्या ट्रेमधल्या तुकड्यांवर क्रमांक होते का? खापराचे अर्धे मोल त्याच्या थरात असते. स्थळ आणि थर माहीत नसेल तर उत्तम तुकडाही मुका होतो.

खापरवाचक

सात तुकड्यांवर पांढऱ्या पट्टीवर शाईने लिहिलेले क्रमांक होते. आमच्या चर्चेतल्या तुकड्यावर बाहेरच्या बाजूने क्रमांक होता, पण शेवटचा आकडा पुसट झाला होता. बाकीच्यांवर काही दिसले नाही.

ताम्रपटाचा_वाचक

या तुकड्याचा काळ जर आठव्या ते दहाव्या शतकाचा असेल, तर त्याच्या भोवतीचे जग आपल्याला लिखित साधनांतूनही दिसते, आणि ते फार जवळचे आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे संजाणच्या प्रदेशाचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप मानले जाते. त्याने नदी ओलांडण्यासाठी मोफत होड्यांची सोय केली आणि अन्नछत्र चालवले, असे तो ताम्रपट सांगतो. दान आहे ते मात्र एका मठिकेसाठी, म्हणजे लहान मठासाठी.

त्याच्या दहाच वर्षे आधी, इ. स. ९१६ मध्ये, अरब प्रवासी अल-मसूदी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तिथे सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद इथून आलेल्या लोकांची मोठी वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ हे इराणी आखातातले त्या काळचे भरभराटीचे बंदर. ही माणसे काय रिकाम्या हाताने येत होती? त्यांच्या जहाजांत जे कुंभ होते, त्यांतल्याच एखाद्याचे खापर आज कोकणातल्या त्या ट्रेमध्ये पडलेले असणे मला अगदी शक्य कोटीतले वाटते.

संजाण येथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले, तिथे पश्चिम आशियातली फिरोजी झिलईची भांडी, चिनी भांडी आणि टॉर्पेडो कुंभ अशी तिन्ही प्रकारची खापरे मिळाली. रुक्षणा नानजी यांनी तिथल्या मृद्भांड्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे.

रविवारचा_पाहुणा

मी सामान्य प्रेक्षक म्हणून लिहितो. दोन लहान मुलांना घेऊन संग्रहालयात गेलो की ती मूर्तीपुढे थांबतात, तलवारीपुढे थांबतात. खापरांपुढे थांबत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मीही थांबत नाही. अभ्यासकांसाठी ती भांडारात नीट जपून ठेवावीत आणि कपाटात एखादे अखंड भांडे मांडावे, हे अधिक योग्य होणार नाही का?

आवा_आणि_चाक

अखंड भांडे पाहून ते केवढे होते हे कळते, पण ते कसे घडवले हे तुटलेल्या कडेवरच कळते. मुलांच्या हातात एक साधे खापर द्या आणि आतली बाजू चाचपायला सांगा. आत दगडी गोळा धरून बाहेरून थापट्याने ठोकलेले असेल तर आत उथळ खळगे लागतात. नुसते चाकावर ओढलेले असेल तर बोटांच्या आडव्या सऱ्या लागतात. हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराच्या बोटावर आपले बोट पडते, तेव्हा मूल थांबते. मी हे माझ्या पुतणीबरोबर करून पाहिले आहे.

रविवारचा_पाहुणा

हे मला पटले. मात्र काचेआड ठेवून हे साधणार नाही. हाताळण्यासाठी वेगळे, स्थळ-थर हरवलेले तुकडे ठेवायला हवेत.

टेम्सकाठचा_मराठी

लंडनमध्ये राहत असल्यामुळे ब्रिटिश म्युझियममध्ये अनेकदा जाणे होते. ताम्रपटाचा वाचक यांनी सिराफचा उल्लेख केला, त्या सिराफचे उत्खनन डेव्हिड व्हाइटहाउस यांनी १९६६ ते १९७३ या काळात केले आणि त्यातले बरेचसे साहित्य या संग्रहालयात आहे. हे बंदर इ. स. ९७७ च्या भूकंपानंतर ओसरत गेले.

टॉर्पेडो कुंभांची पूर्वेकडची मजल किती होती, हे २०१३ साली थायलंडमध्ये कळले. बँकॉकच्या पश्चिमेला कोळंबीच्या तळ्यात एका जुन्या जहाजाचे अवशेष मिळाले, ते आज फनोम-सुरिन या नावाने ओळखले जाते. फळ्या खिळ्यांऐवजी दोऱ्यांनी शिवलेले ते जहाज होते आणि त्यात टॉर्पेडो कुंभही होते. शिवलेल्या होड्यांची परंपरा आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही ठाऊक असल्यामुळे ती बातमी वाचताना मला फार आपलेपणा वाटला होता. त्या कुंभांतल्या आणि श्रीलंकेत अनुराधपुरला मिळालेल्या खापरांवरच्या डांबराचे रासायनिक विश्लेषण जाक कोनाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. प्रत्येक नैसर्गिक झऱ्याच्या डांबराची सेंद्रिय रेणूंची आणि समस्थानिकांची (आयसोटोपांची) घडण वेगळी असते, त्यामुळे इराकमधल्या हीतचे डांबर कोणते आणि इराणमधले कोणते, हे ओळखता येते. त्या नमुन्यांचा माग इराणकडे गेला.

नाणेसंग्राहक

म्हणजे तुकड्याच्या कडेचा एक कण प्रयोगशाळेत दिला तर आपला वाद मिटेल. मी माझा आग्रह सोडायला तयार आहे. एक शंका मात्र उरते : त्याच काळ्या थराचा कार्बन-१४ काढून काळही ठरवता येईल का?

चौथरा_क्रमांक_सात

नाही, आणि हा प्रश्न विचारलात ते फार चांगले झाले, कारण उत्साहाच्या भरात ही चूक होऊ शकते. खनिज डांबर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सेंद्रिय द्रव्यापासून बनलेले असते. त्यात मोजता येण्याजोगा कार्बन-१४ उरलेलाच नसतो. राळ झाडाची असल्यामुळे तिच्यात तो असतो. भाजलेल्या मातीचा काळ तप्तदीपन (थर्मोल्युमिनेसन्स) पद्धतीने, म्हणजे ती तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून, काढता येतो, पण खरा आधार पुन्हा थराचा आणि सोबतच्या वस्तूंचाच.

पाट्याखालची_माती

चर्चा परदेशी कुंभावर स्थिरावली आहे, पण त्या ट्रेमध्ये आणखी बावीस तुकडे आहेत आणि माझे लक्ष तिकडे आहे. आपल्याकडे सातव्या ते बाराव्या शतकातली स्थानिक, बिनझिलईची भांडी सर्वांत कमी ओळखली गेली आहेत. नेवाशाच्या उत्खननाचे उदाहरण घ्या. १९५४ ते १९५६ मधल्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो कालक्रम लावला, त्यात सातवाहन-रोमन संपर्काच्या काळानंतर एकदम चौदाव्या शतकापासूनचा काळ येतो. मधली शतके तिथे रिकामी आहेत. नेवाशापुरते ते खरेही असेल, पण जिथे चालुक्य, राष्ट्रकूट आणि शिलाहार राज्य करत होते, लेणी कोरली जात होती आणि गावे दान दिली जात होती, तिथे लोक जेवण रांधतच होते. त्यांच्या हंड्या आणि घागरी कुठे आहेत? त्या भांडारांतल्या पोत्यांमध्येच आहेत, अशी माझी समजूत आहे. फक्त त्यांवर खुणेसारखी झिलई नाही, नक्षी नाही, आणि सातवाहन नाण्यांसारखे काळ सांगणारे साक्षीदार सोबतीला नाहीत, म्हणून त्या 'प्राचीन' या एका शब्दात बुजून गेल्या आहेत.

परदेशी कुंभाचा तुकडा इथे महत्त्वाचा ठरतो. त्याचा काळ बाहेरच्या पुराव्यावरून ठरवता येतो, त्यामुळे ज्या थरात तो मिळाला, त्याच थरातल्या स्थानिक हंडीचा काळ त्याच्या आधारे लावता येतो. खापरवाचक, त्या सात क्रमांकित तुकड्यांपैकी आणखी कुणाचा क्रमांक त्या मालिकेतला आहे का, हे कृपया पाहावे.

खापरवाचक

आपणा सर्वांच्या सांगण्यावरून मी काल पुन्हा त्या संग्रहालयात गेलो होतो. तिथल्या अभिरक्षक बाईंनी मोठ्या आस्थेने सगळे ऐकून घेतले, कपाट उघडले आणि हातमोजे घालून तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. भिंगातून तुटलेली कड पाहिली. माती फिकट गुलाबी, बारीक वाळूची होती; काळे चमकते कण दिसले नाहीत. भिंतीची जाडी अकरा मिलिमीटर भरली, आणि काळा थर एका ठिकाणी जवळजवळ तीन मिलिमीटर होता. मुठीची खूण कुठे नाही, पण तुकडा अंगाचा असल्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही, हे दर्यावर्दी यांचे म्हणणे मी त्यांना सांगितले.

त्यांनी जुनी नोंदवही काढली. पुसट आकडा तिथे वाचता आला. त्याच ओळीखाली, त्याच खड्ड्यातले म्हणून आणखी दोन तुकडे नोंदलेले आहेत : 'लाल हंडीचा काठ' आणि 'काळपट भांड्याचा काठ, काजळीसह'. ते दोन्ही ट्रेमध्येच होते, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. आम्ही ते तिन्ही शेजारी ठेवले. त्या काळपट काठाखाली बाहेरून काजळी अजून आहे.

'रोमन' ही चिठ्ठी त्यांनी तूर्त काढून ठेवली आहे. वरिष्ठांना पत्र लिहून कडेचा कण तपासणीला पाठवण्याची परवानगी त्या मागणार आहेत. तोपर्यंत तो तुकडा उताणा ठेवला आहे, काळी बाजू वर करून. चौथरा क्रमांक सात यांना एक विचारायचे आहे : काजळी लागलेल्या त्या काठावर धूळ साचली आहे, ती कोरड्या मऊ कुंचल्याने काढली तर चालेल का, की तीही तशीच राहू द्यावी?

चौथरा_क्रमांक_सात

तशीच राहू द्यावी. निदान त्या काजळीचा आणि आत काही करपलेले चिकटले असेल तर त्याचाही नमुना घेतला जाईपर्यंत बोटही लावू नये. स्वयंपाकाच्या भांड्यावरची काजळी लाकडाची असते, आणि तिचा कार्बन-१४ निघतो.